परसातल्या मिरचीची पारख

अकोला आणि अमरावती या दोन शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये मृग नक्षत्राच्या आसपास मिरचीची रोपे विकायला येतात, तेव्हा घरासाठी चार-सहा रोपे नेणारा ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो आणि तो प्रश्न तिखटपणाचा असतो. वऱ्हाडी स्वयंपाकाची ख्याती पाहता हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु वाणाची पारख करताना ज्या गुणांकडे पाहायचे त्यांत तिखटपणा हा सर्वांत बेभरवशाचा गुण आहे, कारण तो जितका बियाण्यात असतो तितकाच मातीत, पाण्यात, उन्हात आणि तोडणीच्या वेळेतही असतो. रोप कोणत्या पाण्यावर वाढणार, वैशाखातल्या उन्हात ते टिकणार का, आणि मुख्य म्हणजे त्या घरात मिरची कोणत्या कामासाठी लागते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे असूनही खरेदीच्या वेळी ते क्वचितच विचारले जातात.

तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याचे नाव कॅप्सेसिन. हे द्रव्य आणि त्याच्या कुळातली इतर संयुगे मिरचीच्या बियांत तयार होतात, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. फळाच्या आत ज्या पांढुरक्या गाभ्याला आणि शिरांना बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात ती तयार होतात आणि बिया केवळ त्या शेजारामुळे तिखट लागतात. त्यामुळे मिरची चाखून पाहायची तर टोकाचा तुकडा चाखून निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो. देठाकडचा, गाभ्यासह कापलेला तुकडाच खरी साक्ष देतो. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची जी रीत बसवली, तिच्यात मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत नेत की चाखणाऱ्यांच्या जिभेला तिखट जाणवेनासे व्हावे, आणि जितके पट पातळ करावे लागले तितकी ‘स्कोव्हिल एकके’ त्या मिरचीच्या नावावर मांडली जात. आता हे मोजमाप जिभेवर सोपवलेले नसून प्रयोगशाळेतील द्रव-वर्णलेखन यंत्रावर, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर होते, तरी एकक जुनेच चालू आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा चेतातंतूंवरील ग्राहक शोधून काढला, आणि या वाटेने झालेल्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हाच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही ओळखतो. मिरचीने जीभ ‘भाजते’ असे म्हणतो ते शरीराच्या दृष्टीने शब्दशः खरे आहे, आणि अकोल्याची मे महिन्यातली हवा ती सीमा कित्येक दुपारी ओलांडते, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे.

तिखटपणाचा भरवसा का धरू नये, याचे सर्वांत बोलके उदाहरण ईशान्येकडच्या भूत जोलोकियाचे आहे. २००७ मध्ये दहा लाखांहून अधिक स्कोव्हिल एककांसह जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात नोंद झालेल्या या मिरचीची लागवड आसामातील तेजपूर आणि मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर अशा दोन ठिकाणी करून जेव्हा तिच्यातील कॅप्सेसिनची तुलना केली गेली, तेव्हा ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिचा तिखटपणा निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. अकोल्याची हवा तेजपूरपेक्षा ग्वाल्हेरला जवळची आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या विक्रमी तिखट बियाण्यांकडून वऱ्हाडात काय अपेक्षा ठेवावी, हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही. कॅरोलिना रीपर आणि २०२३ मध्ये विक्रमावर आलेली पेपर एक्स यांची शर्यत हा जगभरच्या छांदिष्टांचा खेळ आहे आणि खेळ म्हणून त्याला कोणाची हरकत नसावी. मात्र भूत जोलोकिया आणि रीपर ज्या वनस्पतीजातीत मोडतात, तिला दमट हवा आणि थोडी सावली मानवते. आपल्याकडच्या ज्वाला, लवंगी या मिरच्यांची जात वेगळी आहे, आणि गच्चीवरच्या तापलेल्या कुंडीत या दोघींना एकाच मापाने जोखणे अन्यायाचे होईल.

स्वयंपाकाकडून पाहू लागले की पारखीचे निकष आपोआप वेगळे होतात. ठेच्यासाठी लागणारी हिरवी मिरची कोवळी, पातळ सालीची आणि कमी बियांची हवी, म्हणजे तव्यावर तेलात परतून लसूण-मिठासह खलबत्त्यात ठेचली असता ती लगद्यासारखी एकजीव होते आणि साल दाताखाली येत नाही. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि वरून घातलेल्या त्या सांबाराचा स्वाद दबणार नाही इतपतच जाळ ठेच्यात असावा, असे जाणत्या हातांचे मत असते. लाल तिखटाचे, म्हणजे वाळवून कांडलेल्या मिरचीचे, गणित याच्या उलट आहे: तिथे गर्द आणि टिकाऊ रंग, लवकर वाळणारी साल आणि देठ सहज खुडता येणे या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात, कारण झुणक्याच्या फोडणीत किंवा तेल-लसणाच्या भुरक्यात डोळ्यांना प्रथम रंग दिसतो आणि जाळ नंतर कळतो. मीठ-मसाला भरून, ताकात मुरवून उन्हात वाळवायच्या मिरचीला जाड साल लागते, अन्यथा ती तळताना करपते. भज्यांच्या मिरचीला तर जवळजवळ तिखटपणाच नको असतो. ही सगळी कामे एकाच झाडाकडून करून घेण्याचा हट्ट धरला की एकही काम धड होत नाही. घरची मिरची फसली अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत फसलेले असते ते झाड नसून ही निवड असते.

येथे थोडे विषयांतर करून हे सांगायला हवे की मिरची ही वऱ्हाडाला तुलनेने नवी आहे. मेक्सिकोच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेले हे पीक पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि तेथून आत पसरले. त्याआधीचे तिखट मिरे, सुंठ आणि पिंपळी यांचे होते. यांपैकी पिंपळीचे नाते अमरावती-अकोल्याशी आजही तुटलेले नाही. अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पानवेलीच्या जोडीने पानपिंपळीची लागवड टिकवून धरली असून तिचा माल प्रामुख्याने औषधी उद्योगाकडे जातो. तिचा जाळ कॅप्सेसिनचा नसून पायपरिन या मिऱ्यातही असणाऱ्या द्रव्याचा असतो. घराच्या ओलसर, सावलीच्या कोपऱ्यात जिथे मिरची कधीच नीट फळणार नाही, तिथे पिंपळीचा वेल लावून पाहण्याजोगा आहे.

वाणांकडे वळताना पहिले नाव ज्वालाचे घ्यावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने एनपी ४६-ए आणि पुरी रेड यांच्या संकरातून निवडलेला पुसा ज्वाला हा वाण बुटका, भरपूर फांद्यांचा आणि पसरट असतो. त्याची फळे साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब, बारीक, आडव्या सुरकुत्यांची आणि पोपटी रंगाची असून ती झाडाला खाली लोंबतात. ठेच्याच्या मिरचीत जे गुण हवेत ते जवळजवळ सगळे या एका झाडात आहेत, आणि परसबागेत एकच वाण लावायचा असेल तर तो ज्वालाच असावा, असे म्हणायला हरकत नाही. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाचा पंत सी-१ त्याच एनपी ४६-ए पासून आलेला असूनही स्वभावाने निराळा निघाला: त्याची फळे आकाशाकडे तोंड करून येतात, साल जाड असते, बिया पुष्कळ असतात आणि विषाणूजन्य रोगांपुढे तो अधिक चिवटपणे उभा राहतो. उलटी मिरची पावसात कमी सडते का, अशी चर्चा बागकाम करणाऱ्यांत होते. पण तिच्या देठाच्या पेल्यात पाणी साचू शकते हे लक्षात घेतले तर तो गुण गृहीत धरू नये. पुसा सदाबहारची मिरचीही उलटी आणि झुपक्यांनी येणारी असते, परंतु त्या वाणाचे खरे वैशिष्ट्य असे की नीट छाटणी होत राहिली तर झाड दोन-तीन वर्षे उत्पन्न देते, आणि ज्या घराला रोज मूठभरच मिरची लागते त्याला हा वाण सोयीचा पडतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या वाणांत फुले ज्योती झुपक्याने फळणारी आहे, तर अग्निरेखा ही दोंडाईचा आणि ज्वाला यांच्या संकरातून आलेली असल्यामुळे खानदेशी लांबट मिरचीचा वारसा तिच्यात दिसतो. मुसळवाडी हा उंच आणि पसरणारा वाण खरीपात लावतात. भुरी, म्हणजे पानांवर येणारी पांढरी बुरशी, आणि पाने आकसवणारा बोकड्या यांना तो कमी बळी पडतो, पण त्याचा पसारा कुंडीत मावत नाही. संकेश्वरीची २० सेंटीमीटरहून लांब, सुरकुतलेली आणि वाळल्यावर गर्द लाल होणारी मिरची पाहून वऱ्हाडातल्या कोणालाही मोह होईल. तथापि तिची कीर्ती ज्या कोल्हापूर-बेळगाव सीमाभागात घडली तिथली हवा आणि वऱ्हाडातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातली हवा यांत फार अंतर आहे. पूर्व विदर्भात नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि भिवापूर-पवनी भागात मिरची वाळवण्याच्या व देठ काढण्याच्या जागांना सातरा असे नाव आहे. तो सारा व्यवहार लाल मिरचीचा असून वऱ्हाडाशी त्याचे नाते बाजारापुरतेच आहे. खुद्द वऱ्हाडासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेला जयंती हा वाण शिफारशीत आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे ते देशाचे माजी कृषिमंत्री पंजाबराव देशमुख मूळचे अमरावती जिल्ह्यातील पापळचे. स्थानिक संस्थेच्या वाणाचा लाभ असा की तो याच काळ्या मातीत आणि याच उन्हात पारखून घेतलेला असतो, आणि परसबागेसाठी ही गोष्ट जाहिरातीतल्या कोणत्याही आकड्याहून मोलाची आहे.

बाजाराची पारख मात्र परसबागेला लावू नये. वरुड तालुक्यातील राजुरा बाजार येथे हिरव्या मिरचीची जी मोठी बाजारपेठ रात्री भरते, तिथून माल दूरच्या राज्यांत जातो, आणि त्यामुळे व्यापाऱ्याला हवी असते ती गर्द हिरवी, एकसारख्या लांबीची, जाड सालीची, प्रवासात न कोमेजणारी मिरची. खासगी कंपन्यांचे संकरित वाण याच मागणीवर बेतलेले असतात आणि त्या कामात ते सरसही ठरतात. घरात मात्र झाडापासून तव्यापर्यंतचे अंतर दहा पावलांचे असते. तिथे टिकाऊपणासाठी सालीचा कोवळेपणा गमावण्याचे कारण उरत नाही.

आता पाण्याचा प्रश्न, जो अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा आधी यायला हवा. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात सुमारे ९०० गावे येतात. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर आणि अकोला या तालुक्यांचे मोठे भाग त्यात आहेत. येथील भूजल खारट असून काळी, चिकण, पाणी न निचरणारी माती हा दोष वाढवते. मिरची हे क्षारांना बऱ्यापैकी हळवे पीक आहे. मातीतील क्षारांचे प्रमाण मोजण्यासाठी ओल्या मातीच्या अर्कातून वीज किती सहज वाहते ते पाहतात आणि त्याला विद्युत वाहकता म्हणतात. ही वाहकता दीड डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक एककामागे मिरचीवर्गीय पिकाचे उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घटते, असे प्रमाणभूत कोष्टकांत दिलेले आहे. कुंडीत ही अडचण दुणावते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपणे, मातीवर पांढरा थर धरणे आणि फुले गळणे ही लक्षणे दिसली की पुष्कळ लोक रोग समजून फवारे मारत बसतात, वास्तविक दोष बोअरच्या पाण्याचा असतो. काटेपूर्णा धरणाचे अकोल्यातले नळाचे पाणी किंवा ऊर्ध्व वर्धाचे अमरावतीतले पाणी ज्यांना मिळते त्यांनी मिरचीला तेच द्यावे, आणि खारपाणपट्ट्यातल्या घरांनी छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून निदान रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात ते वापरावे. कोणताही वाण पारखण्यापूर्वी पाणी पारखले नसेल, तर झाडाच्या अपयशाचा दोष फुकट वाणाच्या माथी मारला जातो.

उन्हाचे म्हणाल तर दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे २४-२५ अंशांच्या वर सातत्याने राहू लागले की मिरचीची फुले फळ न धरता गळतात. मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वऱ्हाडात हीच स्थिती असते. म्हणून उन्हाळ्यात फळ किती आले यावर वाणाची किंमत ठरवू नये; झाड जगले का आणि पावसाळा सुरू होताच हलक्या छाटणीनंतर त्याने नवी फूट धरली का, एवढेच पाहावे. घरच्या मिरचीसाठी उत्तम काळ दोन: मृगाच्या सुमारास लावलेली रोपे दसऱ्यापासून हिवाळाभर उत्पन्न देतात, आणि सप्टेंबरात रोपे करून ऑक्टोबरात लावलेली मिरची पावसातला बुरशीचा मारा टाळून थंडीत फळते. अर्धी सावली देणारी हिरवी जाळी एप्रिल-मे महिन्यांत उपयोगी असते, पण ती बाराही महिने ताणून ठेवली तर फांद्या उंच व कमकुवत होतात आणि फळ कमी येते.

मिरचीच्या झाडाला वऱ्हाडात सर्वांत जास्त छळणारा विकार म्हणजे चुरडा-मुरडा, ज्यालाच काही भागांत बोकड्या म्हणतात. एका नावाखाली येथे निदान तीन वेगळी कारणे नांदतात. पानांच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिड्यांनी रस शोषलेला असतो. कडा खाली वळून पान अरुंद व देठ लांबट झाला असेल तर ते कोळी या अतिसूक्ष्म जिवाचे काम असते. आणि पाने लहान, दाट, पिवळसर होऊन शेंड्याला गुच्छ झाला असेल तर पांढऱ्या माशीने आणलेल्या पर्णगुच्छ विषाणूचा संशय घ्यावा. पहिल्या दोन्हींवर ५ टक्के निंबोळी अर्काचा, आणि कोळ्यावर पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाचा, उपाय वेळीच केला तर झाड सावरते. विषाणूवर औषध नाही आणि ते झाड उपटून टाकणेच इतर झाडांच्या हिताचे असते. हे निदान केल्याशिवाय एखादा वाण रोगाला बळी पडतो असा शेरा मारणे घाईचे आहे. २०२१ च्या सुमारास दक्षिणेत आलेल्या काळ्या फुलकिड्यांनी मिरचीच्या मोठ्या क्षेत्राचे केलेले नुकसान पाहता फुलांत काळे बारीक किडे दिसताच सावध होणे बरे. निळे चिकट सापळे लावले की त्यांची उपस्थिती लवकर कळते.

पारख करायची तर ती परसातच होते. एकाच दिवशी पेरलेले दोन किंवा तीन वाण, प्रत्येकी किमान चार झाडे, सारख्या आकाराच्या कुंड्या, तीच माती आणि तेच पाणी एवढी व्यवस्था पुरेशी असते. एका झाडावरून निष्कर्ष काढला तर तो वाणाचा आहे की त्या झाडाच्या नशिबाचा, हे सांगता येत नाही. कुंड्यांच्या जागा महिन्यातून एकदा बदलल्या म्हणजे भिंतीच्या झळीचा लाभ-तोटा एकाच वाणाला मिळत नाही. पहिले फूल, पहिली तोडणी, तोडण्यांची संख्या आणि प्रत्येक तोडणीचे वजन लिहून ठेवावे. लाल मिरचीसाठी मात्र वजनाचा आकडा फसवा असतो, कारण पिकलेली मिरची वाळल्यावर तिचे वजन साधारणपणे चतुर्थांश ते तृतीयांशावर येते आणि हे प्रमाण वाणागणिक बदलते. जाड सालीची मिरची ओली असताना भारी भरते आणि वाळताना दगा देते. वाळलेल्या मिरचीत दहा टक्क्यांच्या आसपासच ओल राहावी, म्हणजे ती मुठीत दाबली असता खुळखुळते आणि देठाशी कुडकन मोडते. त्याहून ओलसर ठेवली तर बुरशी धरते व अफ्लाटॉक्सिन हे घातक विष तयार होण्याचा धोका असतो. रंग पाहायचा तर चमचाभर तिखट कोमट तेलात घालून पाच मिनिटांनी तेलाचा रंग पाहावा. तिखटपणा शेवटी चाखावा, आणि चाखताना पाणी न पिता ताक प्यावे, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तर ताकातले स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून उचलतात. एकाच झाडाची पहिल्या तोडणीची, थंडीतली आणि तहानलेल्या मार्चमधली मिरची चाखून पाहिली तर तिन्हींत इतका फरक आढळतो की पाकिटावरच्या ‘अति तिखट’ या शिक्क्याकडे मग कोणी फारसे पाहत नाही.

पसंत पडलेल्या वाणाचे बी राखून ठेवणे ही या पारखीची पुढची पायरी असली, तरी तिच्यात एक खाच आहे. संकरित वाणाचे बी पेरले तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात आणि चार झाडे चार तऱ्हेची निघतात. म्हणून ज्वाला, पंत सी-१, जयंती अशा सरळ वाणांचेच बी राखावे. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळते हे खरे, पण मधमाश्यांमुळे परपरागीभवनही लक्षणीय होते, आणि ज्या गच्चीवर ज्वालाशेजारी भज्यांची मिरची लावली आहे तिथले उघडे बी पुढच्या वर्षी अर्धवट तिखट मिरच्या देऊ शकते. फुलण्याआधी एखादी फांदी मलमलच्या पिशवीत बांधून, रोज हलकेच हलवून, तिच्यावरची दुसऱ्या-तिसऱ्या बहराची दोन-चार फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत. बी सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत वाण आणि वर्ष लिहून ठेवावे. मिरचीचे बी दीर्घायुषी नसते, घरगुती साठवणीत दोन वर्षांनंतर त्याची उगवण झपाट्याने खाली येते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडच्या नावाविना विकण्याचा हक्क दिलेला आहे. दरवर्षी २७ डिसेंबरच्या, म्हणजे पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या, सुमारास अकोल्यात विद्यापीठाचे कृषी प्रदर्शन भरते. मृगातली लागवड करणाऱ्याची मिरची तेव्हा ऐन बहरात असते, आणि आपल्या नोंदींची वही घेऊन गेलेल्याला तिथल्या तज्ज्ञांना विचारण्यासारखे प्रश्न हाताशी असतात.